1,900 मैलांची निष्ठा आणि एका सहीची बडतर्फी



आपल्याकडे अजूनही एक समजूत पक्की आहे. आपण चांगले वागलो, कष्ट केले, देशासाठी घाम आणि रक्त सांडले, की समाज एक दिवस आपली किंमत ओळखेल आणि आपले हक्क आपोआप पदरात टाकेल. गावातले ज्येष्ठ हे सांगतात, शाळेतले गुरुजी सांगतात, आणि आता मोबाईलवरचे प्रेरणादायी वक्तेही सांगतात. या समजुतीचे काय होते, हे पाहायचे असेल तर अमेरिकेतल्या एका सायकल प्रवासाचा इतिहास वाचला पाहिजे.

वर्ष 1897. अमेरिकेत सायकलचे वेड शिगेला पोचले होते. युरोपातल्या सैन्यांनी सायकलस्वार तुकड्या काढल्या होत्या. घोड्याला चारा लागतो, पाणी लागते, तो आजारी पडतो, खिंकाळतो. सायकलला यातले काहीच लागत नाही. मग सैनिक सायकलवर का नकोत, असा प्रश्न अमेरिकन लष्करातही विचारला जाऊ लागला. मोंटाना राज्यातल्या फोर्ट मिसूला छावणीतला जेम्स मॉस हा तरुण गोरा लेफ्टनंट या कल्पनेने भारावलेला होता. 1896 मध्ये त्याने परवानगी मिळवली आणि छोटी सायकल तुकडी उभी केली.

ही तुकडी कोणाची होती? 25 व्या इन्फंट्री रेजिमेंटची. म्हणजे काळ्या सैनिकांची. यादवी युद्धानंतर अमेरिकेने काळ्यांच्या स्वतंत्र रेजिमेंट ठेवल्या होत्या. शिपाई काळे, अधिकारी जवळजवळ सगळे गोरे. आणि ज्या 1896 सालात ही तुकडी तयार झाली, त्याच सालच्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन खटल्यात निकाल दिला की काळ्यांना रेल्वेच्या वेगळ्या डब्यात बसवणे घटनेच्या विरोधात नाही. "वेगळे पण समान" या नावाखाली अस्पृश्यतेला कायद्याचा शिक्का मिळाला. म्हणजे गोऱ्यांच्या डब्यात बसायची बंदी असलेली माणसे त्याच देशासाठी सायकलवरून निम्मा देश ओलांडायला निघणार होती.

14 जून 1897 रोजी पहाटे मिसूलाहून 20 काळे सैनिक निघाले. सोबत मॉस, एक लष्करी डॉक्टर आणि एडवर्ड बूस नावाचा अवघ्या 19 वर्षांचा बातमीदार. मुक्कामाचे ठिकाण सेंट लुईस, अंतर 1,900 मैल, म्हणजे तीन हजार किलोमीटरहून जास्त. मोंटाना, वायोमिंग, साउथ डकोटा, नेब्रास्का आणि मिझुरी ही पाच राज्ये पार करायची होती.

आजच्या गिअरच्या हलक्या सायकली डोळ्यांसमोर आणू नका. एकच गिअर, लोखंडी रिम आणि वर तंबूचा भाग, घोंगडी, शिधा, भांडी, रायफल आणि 50 काडतुसे. सामानासकट एकेका सायकलचे वजन सत्तावीस किलोच्या घरात जायचे. रस्ते बहुतेक ठिकाणी नव्हतेच. मोंटानाच्या चिखलात चाक फिरेना, काही पावलांवर थांबून काटकीने चिखल खरवडावा लागे. रॉकी पर्वतावर जूनमध्येही बर्फ लागले. जिथे वाटच नव्हती तिथे रेल्वेच्या रुळांमधल्या स्लीपरवरून हादरे खात सायकल न्यायची, नाहीतर ढकलायची. नेब्रास्कात वाळूच्या टेकड्या लागल्या. तिथे पारा 110 फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे 43 सेल्सिअसवर गेला, आणि पाणी इतके क्षारयुक्त की पिणारे आजारी पडले. खुद्द मॉस आजारी पडून काही दिवस मागे राहिला. वाटेत मोडलेल्या सायकली दुरुस्त करण्याची जबाबदारी जॉन फिंडली या शिपायावर होती, आणि दुरुस्तीला रोजच काहीतरी निघायचे.

24 जुलैला, 41 व्या दिवशी, ही तुकडी सेंट लुईसला पोचली. शहरातले सायकलस्वार त्यांना घ्यायला सामोरे आले. फॉरेस्ट पार्कमध्ये हजारो लोकांनी गर्दी केली. वर्तमानपत्रांत कौतुक झाले. मग सैनिकांना रेल्वेने परत छावणीत पाठवले गेले. पुढच्या मोहिमेची मॉसची मागणी लष्कराने मान्य केली नाही, आणि तुकडी इतिहासजमा झाली.

इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. या प्रवासाची जी माहिती जगाला आहे, ती मुख्यतः मॉसचा अहवाल आणि बूसच्या बातम्या यांतून आलेली आहे. दोघेही गोरे. पायडल मारणारे काळे, लिहिणारे गोरे. आपल्या इतिहासाशी ओळख असणाऱ्याला हे नवीन नाही.

आणखी एक अवघड गोष्टही बोलली पाहिजे. वाटेत या तुकडीला लिटल बिगहॉर्नची रणभूमी लागली. 1876 मध्ये तिथे मूळनिवासी अमेरिकनांनी कस्टरच्या सैन्याचा धुव्वा उडवला होता. पश्चिमेकडे काळ्या रेजिमेंट ठेवण्यामागे याच मूळनिवासींना ताब्यात ठेवणे हा एक मोठा हेतू होता. एका पीडिताच्या हाती बंदूक देऊन त्याला दुसऱ्या पीडितावर रोखायला लावणे ही सत्तेची जुनी चाल आहे. निष्ठेची किंमत कधीकधी दुसराच कोणीतरी मोजतो.

आता या प्रवासातल्या एका माणसाकडे येऊ. सार्जंट मिंगो सँडर्स. तुकडीतला सर्वात अनुभवी सैनिक, 1881 पासून नोकरीत. एका स्फोटात एक डोळा जवळजवळ गेलेला, तरीही चाळिशीच्या उंबरठ्यावर 1,900 मैल सायकल मारणारा. पुढच्याच वर्षी, 1898 मध्ये, स्पेनविरुद्धच्या युद्धात 25 वी इन्फंट्री क्युबात लढली. सँडर्सही तिथे होता. पुढे फिलिपिन्समध्येही तो गेला. क्युबातल्या त्याच युद्धाने थिओडोर रूझवेल्ट नावाचा कर्नल देशाचा हिरो झाला, आणि 1901 मध्ये राष्ट्राध्यक्षही.

ऑगस्ट 1906. 25 व्या इन्फंट्रीची एक बटालियन टेक्सासमधल्या ब्राउन्सव्हिलला होती. काळे सैनिक आले म्हणून शहर आधीच संतापलेले. 13 तारखेच्या मध्यरात्री शहरात गोळीबार झाला, एक गोरा माणूस मेला, एक पोलीस अधिकारी जखमी झाला. शहराने लगेच काळ्या सैनिकांकडे बोट दाखवले. त्यांचे गोरे अधिकारी सांगत होते की त्या वेळी आमची माणसे बराकीत होती. सैनिकांना म्हटले गेले, गुन्हेगार कोण ते सांगा. ज्यांनी काही केलेच नव्हते ते कोणाचे नाव सांगणार? त्यांचे गप्प राहणे हाच कट ठरवला गेला.

खटला नाही. पुरावा नाही. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने 167 सैनिकांना एका फटक्यात अप्रतिष्ठेने बडतर्फ केले. आदेश जाहीर कधी झाला? नोव्हेंबरमधली संसदेची निवडणूक उरकल्यावर, म्हणजे उत्तरेतल्या काळ्या मतदारांची मते पेटीत पडल्यावर. त्या 167 जणांत मिंगो सँडर्स होता. सुमारे 26 वर्षांची सेवा, निवृत्ती तोंडावर आलेली, आणि पेन्शन शून्य.

हाच रूझवेल्ट 1901 मध्ये काळ्यांचे नेते बुकर टी. वॉशिंग्टन यांना व्हाइट हाउसमध्ये जेवायला बोलावून पुरोगामी म्हणून गाजला होता. ब्राउन्सव्हिलच्या वेळी वॉशिंग्टन यांनी त्याला आदेश मागे घ्यायची विनंती केली. त्याने ऐकले नाही. सहभोजनाने जात मोडत नाही, हे बाबासाहेबांनी जातिनिर्मूलनावरच्या भाषणात आपल्याला बजावून ठेवले आहे. ताटाला ताट लागले तरी सही करणारा हात ज्याचा होता त्याचाच राहतो.

मॉसचे काय झाले? तो कर्नल झाला. त्याची लष्करी प्रशिक्षणाची पुस्तके खूप चालली. प्रवास एकच, चिखल एकच, वाळू एकच. एकाच्या वाट्याला कारकीर्द आली, दुसऱ्याच्या वाट्याला बडतर्फी.

मित्रांनो, हे वाचताना आपल्याला 1890 च्या दशकातला महाराष्ट्र आठवला पाहिजे. मॉस सायकलींची जुळवाजुळव करत होता त्याच्या काही वर्षे आधीच इंग्रजांनी "लढाऊ जाती"चे तत्त्वज्ञान पुढे करून महारांची सैन्यभरती बंद केली होती. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांच्या पूर्वजांची नावे कोरली, त्यांनाच सैन्याचे दार बंद. 1894 मध्ये निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी भरती पुन्हा सुरू करा म्हणून अर्ज तयार केला. 1910 मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला. दोन्ही अर्जांमागे पिढ्यान्‌पिढ्यांची सेवा उभी होती. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा 1917 मध्ये महारांची पलटण उभी केली, गरज संपली तेव्हा 1921 मध्ये मोडून टाकली.

वलंगकर आणि कांबळे यांना कमी लेखण्याचा हा प्रयत्न नाही. त्या काळात अर्ज लिहिणे हेच बंड होते. पण अर्जाच्या मर्यादा सुभेदार रामजींच्या मुलाने ओळखल्या. 1930 च्या पहिल्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी इंग्रजांना तोंडावर विचारले की तुमच्या आधी आम्हाला सैन्यात प्रवेश नव्हता, मग आता तरी तो खुला आहे का? आणि मागणी केली ती राजकीय सत्तेतल्या वाट्याची. 1941 मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर होते. त्याच वर्षी महार रेजिमेंट उभी राहिली. कोणी म्हणेल, म्हणजे शेवटी सैन्यातच गेलो ना? हो, गेलो. पण हात जोडून आणि मेहेरबानी मागून नाही. निर्णय होतो त्या खोलीत आपला माणूस बसलेला असताना गेलो. फरक तेवढाच आहे, आणि तोच सगळा फरक आहे.

अमेरिकेतही शेवटी हेच घडले. 1970 मध्ये ब्राउन्सव्हिलवर एका संशोधकाचे पुस्तक आले आणि जुना अन्याय पुन्हा चर्चेत आला. ऑगस्टस हॉकिन्स या काळ्या खासदाराने संसदेत विधेयक आणले. 1972 मध्ये लष्कराने त्या बडतर्फ्या रद्द करून सन्मानाने सेवामुक्ती अशी नोंद केली. तेव्हा मिंगो सँडर्स जिवंत नव्हता. डॉर्सी विलिस नावाचे वृद्ध सैनिक उरले होते. त्यांनी मिनिआपोलिसमध्ये बूटपॉलिश करून आयुष्य काढले होते. त्यांना 25,000 डॉलर मिळाले. रायफलने आणि सायकलने जे 66 वर्षांत झाले नाही, ते संशोधकाच्या लेखणीने आणि निवडून आलेल्या प्रतिनिधीच्या विधेयकाने झाले.

आणि आता आपल्या सायकलींकडे या. 1983 च्या मार्चमध्ये मान्यवर कांशीराम साहेब डीएस-4 च्या कार्यकर्त्यांना घेऊन दिल्लीहून सायकलवर निघाले. दिवस जवळपास तेवढेच, सुमारे 40. उन्हाळा, धूळ, पंक्चर, गावोगावी सभा. पण या सायकलींवर दुसऱ्याच्या प्रयोगाचे ओझे नव्हते. दोन पाय आणि दोन चाके आपली, विचार आपला, जायचे कुठे हे ठरवणारेही आपणच. वर्षभराने, 14 एप्रिल 1984 ला, त्यातून बहुजन समाज पक्ष उभा राहिला. त्या पक्षाच्या पुढच्या वाटचालीवर आपले मतभेद असू शकतात, असावेतही. पण त्या सायकली कुठल्या गोऱ्या साहेबाच्या शाबासकीसाठी निघाल्या नव्हत्या.

आज जयंतीला आपण रॅली काढतो, हजारो गाड्या रस्त्यावर येतात, झेंडे फडकतात. आनंद साजरा झालाच पाहिजे. पण रॅली संपल्यावर गावच्या ग्रामसभेत कोण बसते, शाळेच्या समितीवर कोण असते, शिष्यवृत्तीची यादी कोण तपासते, अत्याचाराच्या केसची तारीख कोण लक्षात ठेवते, हे प्रश्न स्वतःला विचारा. आणि आपली आठवण आपल्याच हाताने लिहून ठेवा. नाहीतर पायडल आपण मारू आणि अहवाल दुसराच कोणी लिहील.

मिंगो सँडर्सने त्याच्या बाजूने काहीच कमी ठेवले नव्हते. कमी होती ती त्याच्या समाजाची सत्ता.

जय भीम!