गॉडझिला आणि बायकांचे कापलेले बोल

घरातली पोरं टीव्हीवर गॉडझिला बघतात ना? समुद्रातून वर येणारा, तोंडातून आग ओकणारा, इमारती पाडणारा अजस्र प्राणी. आपल्याला तो पोरखेळ वाटतो. पण त्याची पहिली गोष्ट पोरांसाठी नव्हती.

१ मार्च १९५४. अमेरिकेनं प्रशांत महासागरात बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. दूरवर जपानची एक बोट मासे पकडत होती. तिच्यावरच्या २३ जणांच्या अंगावर पांढरी विषारी राख पडली. सगळे आजारी पडले. बोटीचा रेडिओ सांभाळणारे आइकिची कुबोयामा सप्टेंबरमध्ये वारले. बाजारातल्या माशांतही अणूचं विष सापडलं. लोकांनी मासे घेणं सोडलं.

टोकियोच्या सुगिनामी भागात महिलांच्या सभेत एका मासेवाल्याच्या बायकोनं हा प्रश्न मांडला. मग घरकाम करणाऱ्या बायका सह्यांचे कागद घेऊन दारोदार फिरल्या. ही मोहीम देशभर पसरली. पुढच्या वर्षापर्यंत बॉम्बच्या विरोधात तीन कोटींहून जास्त सह्या जमल्या.

त्याच १९५४ सालात, ३ नोव्हेंबरला, ‘गोजिरा’ हा सिनेमा जपानमध्ये लागला. दिग्दर्शक इशिरो होंडा युद्धावरून घरी परतताना जळालेलं हिरोशिमा पाहून आले होते. सिनेमात बॉम्बच्या चाचण्यांमुळे समुद्रातला प्राणी जागा होतो आणि टोकियो जाळतो.

त्यात दोन प्रसंग आहेत. एक तरुणी आगगाडीत बोलते, की विषारी मासे झाले, विषारी पाऊस झाला, आता हा प्राणी. ती नागासाकीच्या बॉम्बमधून वाचलेली असते. दुसरा प्रसंग सरकारी बैठकीचा. एक पुढारी म्हणतो, बॉम्बचा संबंध लोकांना कळू देऊ नका. तेव्हा महिला प्रतिनिधी उठतात आणि खरं ते सांगाच म्हणून भांडतात.

१९५६ साली हा सिनेमा अमेरिकेत लागला, पण बदलून. रेमंड बर या अमेरिकी नटाला वार्ताहर बनवलं. त्यांचे प्रसंग अमेरिकेतच चित्रित करून मधे मधे जोडले. आता टोकियोचं दुःख हा पाहुणा सांगू लागला. ९६ मिनिटांचा सिनेमा ८० मिनिटांचा झाला. बॉम्बचा उल्लेख ओझरता उरला. आगगाडीतलं बोलणं गेलं, बैठकीतलं भांडणही गेलं. मूळ सिनेमाच्या शेवटी म्हातारे शास्त्रज्ञ बजावतात, की चाचण्या थांबल्या नाहीत तर असा दुसरा प्राणी येईल. त्या जागी वार्ताहर सांगतो, संकट टळलं.

बर यांचा दोष काढायचा नाही. त्यांनी काम मन लावून केलं, आणि या सिनेमामुळेच गॉडझिला जगभर पोचला. १९८५ साली ते पुन्हा त्याच भूमिकेत दिसले. पण मूळ सिनेमा अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत सगळीकडे पोचायला २००४ साल उजाडलं. तोवर ५० वर्षं गेली होती.

मैत्रिणींनो, सह्या गोळा करणाऱ्या बायकांना जे म्हणायचं होतं, तेच सिनेमातून आधी कापलं गेलं. म्हणून आपली गोष्ट दुसरं कुणी सांगत असेल, तर ऐकून घ्या, आणि काय गाळलं तेही विचारा. गटाच्या बैठकीचं इतिवृत्त लिहून झालं की एकदा मोठ्यानं वाचून घ्या. बोललेली प्रत्येक बाई त्यात आहे का, ते बघा.