भात्याचा कॅमेरा आणि एकुलती तसवीर

छायाचित्रणाच्या इतिहासाचा विषय निघाला की आपल्याकडे राजेरजवाड्यांच्या तसविरा आणि सिनेमाची सुरुवात यांचीच चर्चा होते. लोहाराच्या भात्यासारखा उघडणारा आणि मिटला की कोटाच्या खिशात मावणारा घडीचा कॅमेरा, आणि त्यात घालायची स्लाईड फिल्म, यांच्याकडे सहसा कोणी वळत नाही. आम्हांला मात्र या जोडीचा इतिहास महत्त्वाचा वाटतो. कोणत्या गावाचे रंग कोणाच्या कपाटात जाऊन राहिले, हेही त्यातून कळते.

स्लाईड म्हणजे काय ते आधी पाहू. साध्या फिल्मवर चित्र उलटे उमटते. उजेड असतो तिथे काळे आणि अंधार असतो तिथे पांढरे. ही निगेटिव्ह. तिच्यावरून कागदावर हव्या तितक्या प्रती निघतात. स्लाईड फिल्म धुताना रसायनांनी हेच चित्र पुन्हा उलटवले जाते आणि त्याच पट्टीवर सरळ, पारदर्शक, रंगीत चित्र तयार होते. कॅमेऱ्यात जी फिल्म होती तीच शेवटी तसवीर होते. मागे निगेटिव्ह उरत नाही. स्लाईड हरवली की चित्र हरवले.

काचेवरचे चित्र उजेडासमोर धरून पडद्यावर मोठे दाखवायचे, ही कल्पना महाराष्ट्राला जुनी आहे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ साली ‘शांभरिक खरोलिका’ या नावाने असे खेळ सुरू केले. त्यांच्या काचा हाताने रंगवलेल्या असत. सिनेमा येण्यापूर्वी लोकांनी अंधारात बसून रंगीत चित्रे पाहिली ती अशी. पुढे हाताने रंगवण्याचे काम फिल्मच करू लागली, तेव्हा स्लाईड सामान्य हौशी माणसाच्या हाती आली.

घडीचा कॅमेराही त्याच काळातला. कोडॅकने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रोल फिल्मचा घडीचा कॅमेरा बाजारात आणला. १२० क्रमांकाची रोल फिल्म १९०१ साली आली आणि ती आजही मिळते. जर्मनीत झाइस कंपनीने १९२९ साली ‘इकोंटा’ काढला, नंतर ॲग्फाचा ‘आयसोलेट’ आला. झाकण उघडले की भिंग भात्यासह पुढे येते. अंतर नजरेने मोजायचे आणि भिंगाच्या कड्यावर लावायचे. शटरचा खटका वेगळा ताणायचा. पाठीमागच्या लाल खिडकीतून कागदावरचा आकडा पाहत फिल्म पुढे सरकवायची. सरकवायला विसरलात तर एकाच जागी दोन चित्रे. एका रोलवर चित्राच्या आकाराप्रमाणे आठ, बारा किंवा सोळा तसविरा मिळत. आठच मिळणार असतील तर माणूस खटका दाबण्यापूर्वी विचार करतो.

रंगीत फिल्मने हा विचार आणखी वाढवला. ‘कोडाक्रोम’ १९३५ साली सिनेमाच्या फिल्मरूपात आली आणि १९३६ साली ३५ मिलिमीटरच्या साध्या कॅमेऱ्यासाठी. तिचे जनक लिओपोल्ड मान्स आणि लिओपोल्ड गोडोव्स्की हे दोघे मूळचे संगीतकार होते. कोडॅकचा ‘रेटिना’ हा १९३४ सालचा छोटा घडीचा कॅमेरा तिला चालत असे. १२० च्या मोठ्या भात्याच्या कॅमेऱ्यांना मात्र कोडाक्रोम १९८६ पर्यंत मिळालीच नाही. त्यांचा आधार होता एक्टाक्रोम आणि ॲग्फाच्या स्लाईड फिल्मचा.

स्लाईड फिल्म चूक माफ करत नाही. निगेटिव्हवर प्रकाश दुप्पट पडला तरी छपाईत निभावून नेता येते. स्लाईडवर अर्ध्या पायरीचा फरकही दिसतो. प्रकाश जास्त झाला की त्या जागी कोरी पारदर्शक फिल्म उरते, आणि कोऱ्या जागेतून काहीच परत आणता येत नाही. आमच्या गोंदिया जिल्ह्यातले एप्रिलचे ऊन डोळ्यांसमोर आणा. चुन्याची पांढरी भिंत आणि तिच्या सावलीत तेंदूपत्त्याचे पुडे बांधत बसलेला माणूस. भिंत धरली तर माणूस काळा पडतो, माणूस धरला तर भिंत विरून जाते. स्लाईडवाल्याला दोघांतला एक निवडावा लागतो.

जुन्या कॅमेऱ्याने ही परीक्षा आणखी कठीण होते. भात्याचे चामडे घड्यांच्या कोपऱ्यांवर चिरते आणि सुईच्या टोकाएवढ्या भोकातून उजेड शिरतो. स्लाईडवर तिथे फिकट डाग पडतो. म्हणून जाणकार मंडळी अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत विजेरी लावून बाहेरून भोके शोधतात. जुने शटर वंगण सुकल्यामुळे रेंगाळते, तेही तपासावे लागते. लख्ख उन्हात शंभर आयएसओच्या फिल्मला एफ-१६ चे छिद्र आणि सेकंदाचा शंभरावा भाग, हा हिशेब तोंडपाठ असावा लागतो.

आता या इतिहासात आपण कुठे आहोत ते पाहू. इजिप्तचे लष्करी अधिकारी मुहम्मद सादिक यांनी १८६१ साली मदिना शरीफची छायाचित्रे घेतली, ती तिथली सर्वांत जुनी ज्ञात छायाचित्रे. जुलै १९५३ च्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’मध्ये हजची रंगीत चित्रे आली, तीही अमेरिकेत शिकणाऱ्या अब्दुल गफूर शेख या पाकिस्तानी विद्यार्थ्याच्या लेखासोबत. त्या काळी या मासिकाची रंगीत पाने स्लाईडवरून छापली जात. आपल्या पवित्र स्थळांचे रंग जगाला दाखवताना कॅमेऱ्यामागे आपलाही माणूस उभा होता, याची नोंद आपण ठेवायला हवी.

आपल्या गावांची गोष्ट मात्र वेगळी झाली. स्वातंत्र्यानंतर परदेशी फिल्मच्या आयातीवर निर्बंध होते. उटीचा हिंदुस्थान फोटो फिल्म्स कारखाना १९६० साली स्थापन झाला आणि त्याची ‘इंदू’ ही काळी-पांढरी फिल्म घरोघरी पोहोचली. मध्यमवर्गाच्या हाती आला तो ‘ॲग्फा क्लिक-थ्री’. त्यात भाता नव्हता, नियंत्रणे जेमतेम होती, पण फिल्म तीच १२० ची. अनेक मुस्लिम घरांत तर तसवीर काढणे योग्य की अयोग्य हा वाद चालूच होता आणि फोटो शिरला तो पासपोर्टच्या निमित्ताने. म्हणून आपल्या आजोबांच्या पिढीचे चेहरे आपल्याला काळे-पांढरेच माहीत आहेत.

गोंदियाचे रंग कोणी टिपले? गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारी अडीच फुटी रेल्वे १९०३ ते १९०५ या काळात टप्प्याटप्प्याने सुरू झाली. वाफेच्या इंजिनांचे दिवस संपत आले तेव्हा परदेशी रेल्वेप्रेमी ही इंजिने पाहायला या मार्गावर येत. त्यांच्याकडे बहुधा नव्या बांधणीचे ३५ मिलिमीटर कॅमेरे असत, आणि फिल्म अनेकदा स्लाईडची. बालाघाट ते जबलपूर मार्गावरची छोटी गाडी २०१५ साली बंद झाली. तिचा धूर, इंजिनाचा रंग, फलाटावरची गर्दी हे सगळे रंगांत पाहायचे तर त्या पाहुण्यांच्या स्लाईडच शोधाव्या लागतात. आम्ही त्यांना दोष देत नाही. उलट त्यांचे आभार मानतो. ते आले नसते तर एवढेही उरले नसते.

पण स्लाईडही कायमची नाही. पावसाळ्यात बंद डब्यात ओल धरली की जिलेटिनवर बुरशी चढते. जुन्या एक्टाक्रोमचे रंग उडून चित्र लालसर होते. कोडाक्रोमची निर्मिती २००९ साली थांबली आणि ती धुणारी शेवटची प्रयोगशाळा, अमेरिकेतल्या पार्सन्स गावची ‘ड्वेन्स फोटो’, हिने २०१० अखेर नवे रोल घेणे बंद केले. एक्टाक्रोम २०१८ साली परत आली, १२० च्या आकारात २०१९ साली. आज हौशी मंडळी तीच फिल्म सत्तर वर्षांच्या भात्यांत घालतात. रोल महाग आहे आणि धुणाऱ्या प्रयोगशाळा मोजक्या आहेत.

बी.एड.च्या पुस्तकांत शैक्षणिक साधनांच्या यादीत ‘स्लाईड प्रोजेक्टर’ आम्ही वाचला. आमच्या उर्दू शाळेतल्या मुलांच्या फोनमध्ये आज हजारो फोटो असतात आणि त्यांतला एखादा पुसला गेला तर त्यांना काही वाटत नाही. पण त्यांच्याच घरात, पेटीच्या तळाशी, पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेले दोन इंचांचे चौकोन असू शकतात. एखादे नातेवाईक आखाती देशांतून परतताना स्लाईडची डबी घेऊन आले असतील. घरचे ती खेळणे समजून फेकून देतील. म्हणून सांगणे एवढेच की ती खिडकीशी धरून पाहा. कोण, कुठे, कोणत्या साली हे थोरांना विचारून लिहून ठेवा. कोरड्या जागी ठेवा आणि जमेल तेव्हा स्कॅन करून घ्या. कागदी फोटोची प्रत कुठेतरी निघेल. हिची दुसरी नाही. ज्याच्या हाती आली त्याच्याकडे ती अमानत आहे.