जीवेची साइन कशी झाली?

भूमितीत आपण वर्तुळाची ‘जीवा’ काढतो. त्रिकोणमितीत मात्र ‘साइन’ हा परका शब्द मुलांकडून घोकून घेतो. आम्हीही तसाच घोकला. वास्तविक तो जीवेचाच वंशज! ज्या, जीवा म्हणजे धनुष्याची दोरी. इ.स. ४९९ च्या सुमारास आर्यभटाने गणितासाठी अर्धी जीवा घेतली. अरबांनी ‘जीवा’चे ‘जीबा’ केले. अरबीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे तीच अक्षरे ‘जैब’ अशीही वाचता येतात. जैब म्हणजे अंगरख्याचा छातीवरचा भाग (हिंदीतली ‘जेब’ यातूनच आली). बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरकारांनी त्याचा शब्दशः अर्थ घेऊन ‘सायनस’ लिहिले. दोरी हरवली!

फळ्यावर ती परत आणता येते. वर्तुळाची त्रिज्या १ घेऊन केंद्राशी ६० अंशांचा कोन करणारी जीवा काढावी. तिची निम्मी लांबी, म्हणजे ०.५, हीच ३० अंशांची साइन.