घटप्रभेकाठची दगडी हत्यारे व वर्गवारीचा प्रश्न

चिकोडीहून आग्नेयेस गोकाककडे जाऊ लागले, म्हणजे चाळीसेक किलोमीटरांच्या अंतरातच भूमीचा स्वभाव पालटलेला दिसतो. चिकोडी, निपाणी व दूधगंगा-वेदगंगेचा मुलूख हा काळ्या बसाल्टाचा, म्हणजे दख्खनच्या ज्वालामुखी खडकाचा; तर गोकाकला घटप्रभा ज्या कड्यावरून उडी घेते तो कडा कलादगी मालिकेतील वालुकाश्म व क्वॉर्टझाइटचा आहे. हा पालट भूगर्भशास्त्राचा विषय खराच. परंतु आदिमानवाच्या हत्यारांची वर्गवारी करू पाहणारासही त्याची दखल घेतल्यावाचून गत्यंतर नाही, असे आम्हांस वाटते.

३० मे १८६३ रोजी रॉबर्ट ब्रूस फूट यांना मद्रासजवळ पल्लावरम येथे पुराश्मयुगीन हत्यार मिळाले, आणि भारतीय प्रागितिहासाच्या अभ्यासास आरंभ झाला. याच फूटांनी दक्षिण महाराष्ट्र म्हणून त्या काळी ओळखल्या जाणाऱ्या या प्रदेशाची भूगर्भीय पाहणी करून १८७६ मध्ये तिचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. पुढे १९३० साली कॅमिएड व बर्किट यांनी आग्नेय भारतातील हत्यारे चार मालिकांत मांडली. पहिलीत हातकुऱ्हाडी, दुसरीत छिलक्यांची हत्यारे, तिसरीत पाती व कोरण्या, आणि चौथीत सूक्ष्मास्त्रे. १९६१ च्या दिल्ली येथील परिषदेनंतर आद्य, मध्य व उत्तर अश्मयुग अशी त्रिविध परिभाषा रूढ झाली. पुढे पात्यांचा व कोरण्यांचा स्वतंत्र काळ भारतातही स्पष्ट होत गेला, तेव्हा पूर्व, मध्य व उत्तर पुराश्मयुग ही नावे स्थिरावली. हत्यारे तीच राहिली. कप्पे मात्र तीनदा बदलले.

कृष्णेच्या खोऱ्यात हे काम डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी नेटाने पुढे नेले. आर. व्ही. जोशी यांचा मलप्रभा खोऱ्याचा अभ्यास १९५५ मध्ये, तर आर. एस. पप्पू यांचा ऊर्ध्व कृष्णा खोऱ्यावरील ग्रंथ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. घटप्रभेकाठच्या अनगवाडीस क्वॉर्टझाइटच्या हातकुऱ्हाडी व फरशा मिळाल्या. दोन्ही अंगांनी घडवून टोकाकडे निमुळती केलेली ती हातकुऱ्हाड. मोठ्या छिलक्याची रुंद, सरळ धार तशीच राखलेली ती फरशी. क्वॉर्टझाइट कठीण व एकजीव असल्यामुळे त्यावरील घावांच्या खुणा लाखो वर्षांनंतरही वाचता येतात.

बसाल्टाची गोष्ट निराळी. तो हवापाण्याने झिजतो, त्याची साल सुटते, आणि घडविलेला दगड व नदीने झिजविलेला गोटा यांतील भेद पुसट होतो. त्यामुळेच, हा खडक हत्यारांस अयोग्य असल्याने ट्रॅपच्या प्रदेशात पुराश्मयुगीन मानव फारसा वावरला नसावा, असा समज बराच काळ होता. ह. धी. सांकलिया यांनी नाशिकजवळ गंगापूर येथील हत्यारांवरचा ग्रंथ १९५२ मध्ये प्रसिद्ध केला, आणि त्या समजाचा पाया ढासळला. गुड्रुन कॉर्व्हिनस यांनी १९६६ ते १९६९ या काळात नेवाशाजवळ चिरकी येथे केलेल्या उत्खननाने तो पुरताच मोडला. नेवाशाने आणखी एक धडा दिला. तेथे खालच्या वाळूखडीच्या थरात हातकुऱ्हाडी, तर वरच्या थरात चर्ट व जॅस्परची लहान छिलकाहत्यारे मिळाली. कोणते आधीचे व कोणते नंतरचे, हे आकाराने नव्हे, थराने सांगितले.

आकाराची साक्ष किती जपून घ्यावी हे पाश्चात्त्य विद्वानांच्या वादावरूनही कळते. फ्रान्स्वा बोर्द यांनी १९६१ मध्ये पूर्व व मध्य पुराश्मयुगीन हत्यारांचे त्रेसष्ट प्रकार ठरविले. १९८० च्या दशकात हॅरॉल्ड डिबल यांनी दाखविले, की तासणीस पुनःपुन्हा धार लावीत गेल्यास ती एका प्रकारातून दुसऱ्यात सरकते. म्हणजे ज्यांस आपण दोन जाती समजतो, त्या कित्येकदा एकाच हत्याराच्या आयुष्यातील दोन अवस्था असतात.

म्हणून वर्गवारी करताना आमच्या मते चार प्रश्न या क्रमाने विचारावेत : हत्यार कोणत्या थरातील? दगड कोणता? तो कसा फोडला? आणि मग, आकार कोणता? हा क्रम उलटला, तर गोकाककडील क्वॉर्टझाइटचा घाट मनात ठेवून चिकोडीकडे पाहणारा बसाल्टाची ओबडधोबड हातकुऱ्हाड गोटा म्हणून टाकून देईल, आणि येथे मानव नव्हताच असा निर्वाळाही देईल. कृष्णेच्याच खोऱ्यात, हुणसगीजवळ इसामपूर येथे के. पड्डय्या यांना चुनखडकाची हत्यारे मिळाली, व त्यांचा काळ सुमारे बारा लक्ष वर्षांपूर्वीचा काढण्यात आला आहे. जो दगड हाताशी होता त्याचे मर्म जाणून त्या माणसाने आपले काम साधले. त्याच्या बुद्धीचे मोजमाप आपल्या आवडत्या खडकावरून करणे न्यायाचे नव्हे.

नदीकाठची वाळू व खडी आज यंत्राने उपसली जाते. थरातून निखळलेले हत्यार हाती आले, तरी त्याचा काळ त्याच्याबरोबर येत नाही. कपाटातील नावे पुन्हा बदलता येतील. मोडलेला थर पुन्हा रचता येणार नाही. शोधकाने हत्यार उचलण्यापूर्वी ते जेथे पडले आहे ती जागा टिपून ठेवावी, एवढे तरी अगत्याचे आहे.