नंबराखाली पुरलेली माणसं

रशियाच्या उत्तरेला, कोमी प्रदेशात, उसा नदीच्या काठी अबेझ नावाचं लहानसं गाव आहे. उत्तर ध्रुववृत्ताला जवळजवळ खेटूनच. कोटलासहून व्होरकुटाच्या कोळसाखाणींकडे जाणारी रेल्वे या गावावरून जाते. ही रेल्वे बांधली ती स्टालिनच्या काळातल्या कैद्यांनी. डिसेंबर १९४१मध्ये व्होरकुटापर्यंत गाडी पोहोचली. पुढे, दुसऱ्या महायुद्धानंतर, जवळच्या इंटाच्या खाणींत जे कैदी कामाला निरुपयोगी ठरत, म्हणजे आजारी, अपंग, वृद्ध, त्यांना अबेझच्या छावणीत आणून ठेवू लागले. त्यांतल्या अनेकांचा शेवटचा मुक्काम गावाबाहेरच्या दफनभूमीत झाला.

या दफनभूमीत कबरीवर नाव लिहायची पद्धत नव्हती. माणूस पुरला की लाकडाचा एक खुंट ठोकायचा आणि त्यावर एक अक्षर व एक आकडा घालायचा. त्या आकड्याखाली कोण आहे, हे फक्त छावणीच्या दफ्तराला ठाऊक, आणि दफ्तर गुप्त. लाकूड कुजलं, झुडपं वाढली, की माणसाची शेवटची खूणही संपली.

अशा ठिकाणी जुलै १९५२मध्ये लेव्ह कार्साविन यांना मृत्यू आला. ते इतिहासकार आणि तत्त्वज्ञ होते. जन्म १८८२चा, सेंट पीटर्सबर्गचा. १९२२मध्ये सोव्हिएत सरकारनं अनेक विचारवंतांना देशाबाहेर काढलं, त्यांत तेही होते. नंतर लिथुआनियात प्राध्यापक झाले, पण १९४०मध्ये लिथुआनियाच सोव्हिएत संघानं गिळला. १९४९मध्ये त्यांना अटक झाली आणि पुढे दहा वर्षांची शिक्षा. क्षयानं पोखरलेल्या अवस्थेत ते अबेझच्या इस्पितळात पोहोचले. तिथंही पडल्या पडल्या त्यांचं लिहिणं आणि सोबतच्या कैद्यांशी तत्त्वचर्चा चालूच होती.

ते गेल्यावर शवविच्छेदनाचं काम आलं ते व्लादास शिम्कूनास या लिथुआनियन डॉक्टरांकडे. तेही कैदीच. त्यांनी कार्साविनांचे तरुण शिष्य अनातोली वानेयेव यांना एक मृत्युलेख लिहायला सांगितलं. हा देह कुणाचा आहे, हे त्या कागदावर लिहिलं गेलं. डॉक्टरांनी तो कागद काचेच्या बाटलीत बंद केला आणि बाटली मृताच्या पोटात ठेवून टाके घातले. एवढ्यानं त्यांचं समाधान झालं नाही. दुसऱ्या एका माणसाचा कापलेला पाय त्यांनी मृतदेहाशेजारी ठेवला. पुढे कधी कबर उघडलीच, तर तीन पायांच्या हाडांवरून ती ओळखता यावी!

ही हकीकत आपल्याला कळते ती वानेयेव यांच्या पुस्तकातून. ते १९९०मध्ये ब्रुसेल्सला छापलं गेलं. तोवर वानेयेव यांचंही निधन झालेलं होतं.

याच मातीत यिद्दिश भाषेतले लेखक देर निस्तर १९५०मध्ये विसावले. कलासमीक्षक निकोलाय पूनिन इथंच आहेत. कवयित्री आना आख्मातोवा यांच्यासोबत त्यांनी अनेक वर्षं काढली. १९३५मध्ये त्यांना पकडलं, तेव्हा आख्मातोवा यांनी थेट स्टालिनला पत्र लिहिलं आणि ते सुटले. १९४९मध्ये पुन्हा पकडले गेले, ते मात्र सुटले नाहीत. स्टालिन मार्च १९५३मध्ये मेला. त्याच महिन्यात माफी जाहीर झाली, पण लांब मुदतीच्या राजकीय कैद्यांना तिचा उपयोग नव्हता. पूनिन ऑगस्टमध्ये गेले.

गोर्बाचेव्ह यांच्या काळात वातावरण मोकळं झालं. १९८९मध्ये कार्साविनांच्या कबरीची जागा शोधून काढण्यात आली. १९९०मध्ये लिथुआनियन लोकांनी अबेझला आपल्या मृतांसाठी क्रूसाचं स्मारक उभारलं. देशभर अशा जागा शोधण्याचं आणि मृतांच्या याद्या करण्याचं मोठं काम ‘मेमोरियल’ या संस्थेनं केलं. डिसेंबर २०२१मध्ये रशियाच्या सर्वोच्च न्यायालयानं तीच संस्था बरखास्त केली. पुढच्या वर्षीच्या शांततेच्या नोबेल पुरस्काराच्या मानकऱ्यांत तिचं नाव होतं.

२००७पासून या संस्थेचा एक साधा कार्यक्रम असे. २९ ऑक्टोबरला मॉस्कोत लोक रांग लावत आणि एकेक जण ध्वनिक्षेपकासमोर येऊन गोळ्या घालून मारलेल्यांची नावं वाचत असे. नाव, वय, व्यवसाय, मृत्यूची तारीख, बस्स! २०२०पासून त्या चौकात जमायला परवानगी मिळेनाशी झाली. एका जुन्या, मेलेल्या माणसाचं नाव मोठ्यानं उच्चारलं तर सरकारचं काय जातं, असं आपल्याला वाटेल. पण अबेझच्या त्या डॉक्टरांना याचं उत्तर १९५२मध्येच ठाऊक होतं. माणूस नुसता आकडा राहिला, की त्याला का मारलं, हे विचारायला कुणी उरत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)