आमचा समुद्र पूर्वेचा

महाराष्ट्रात समुद्र म्हटला की कोकण आणि अरबी समुद्र. गोंदिया जिल्ह्याचा हिशेब वेगळा आहे. इथून मुंबईचा किनारा सरळ रेषेत सुमारे 800 किलोमीटर, तर विशाखापट्टणमचा 520 च्या आसपास. आमच्या बाघ, चुलबंद, गाढवी वैनगंगेला मिळतात. वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. आमगाव तालुक्यात भूगोल शिकवताना हा प्रवास मी मुलांकडून नकाशावर बोटाने गिरवून घ्यायचो. रोवणीला बांध्या भरतात, त्यामागेही बहुतेकदा याच उपसागरात तयार झालेला कमी दाबाचा पट्टा असतो.

आगगाडीपूर्वी हा समुद्र बैलांच्या पाठीवरून मध्य भारतात येई. बंजाऱ्यांचे तांडे किनाऱ्याकडचे मीठ गोणींत भरून आत आणत आणि परतताना धान्य नेत. इंग्रजांनी या मिठावर कर बसवला. तो चुकवता येऊ नये म्हणून सिंधूपासून महानदीच्या दिशेने जकातीची सीमा आखली आणि तिच्या मोठ्या भागावर काटेरी कुंपण वाढवले. 1879 मध्ये ती सीमा उठली, पण मिठावरचा कर राहिला. भाजीत टाकायच्या चिमूटभर मिठावर सरकारचा हात होता, हे मुलांना सांगताना माझा आवाज नेहमी चढायचा.

1860 च्या दशकात समुद्र नदीवाटे वर येईल अशी आशा निर्माण झाली. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला होता. सर आर्थर कॉटन यांनी 1852 पर्यंत धवळेश्वरमला गोदावरीवर बंधारा बांधून घेतला होता. गोदावरी आणि प्राणहितेतून नावा वर आणून नागपूर-वऱ्हाडचा कापूस पूर्व किनाऱ्याला न्यायचा, असा बेत पुढे आला. वाटेतल्या खडकाळ टप्प्यांना वळसा घालायला दुम्मागुडेमसारख्या ठिकाणी कामे सुरू झाली. पण 1867 मध्ये मुंबईची रेल्वे नागपुरात पोचली आणि चार वर्षांत हे काम सोडून दिले गेले. आमच्या खोऱ्याचा माल पाण्याने स्वस्तात समुद्राला नेण्याची वाट तिथेच बंद झाली.

पुढे नागपूर-राजनांदगाव मार्ग आला. 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने तो घेतला, रुंद केला आणि 1891 मध्ये आसनसोलपर्यंत जोडला. सातपुड्याकडची अरुंद रेल्वे येऊन मिळाली तसे गोंदिया जंक्शन झाले. मीठ वाघिणीतून येऊ लागले, तांड्यांचा धंदा बसला आणि कोठारातला तांदूळ दूरच्या बाजारभावाला बांधला गेला.

1999 मध्ये भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचा इतिहास मालगुजारी तलावांपासून सुरू करतात, ते योग्यच आहे. पण तलाव भरणारा पाऊस, त्याचे पाणी नेणारी नदी आणि ताटातले मीठ यांनी आपल्याला पूर्व किनाऱ्याशी बांधले आहे. म्हणून माझी मागणी आहे: इथल्या प्रत्येक वर्गात मुंबईच्या नकाशाशेजारी गोदावरीच्या मुखाचा नकाशा लावावा. आपले पाणी कुठे जाते आणि आपल्या मालाचा भाव कुठे ठरला, हे मुलाला दोन्ही नकाशे पाहिल्याशिवाय कळणार नाही.