थर्माकोल खाणाऱ्या अळ्या आणि त्यांच्या विष्ठेचे खत

पिठात व कोंड्यात वाढणाऱ्या एका भुंगेऱ्याची अळी थर्माकोल, म्हणजेच फुगवलेले पॉलिस्टायरीन, खाऊन जगू शकते, हे २०१५ मध्ये चीन व अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. ‘मीलवर्म’ नावाच्या या अळ्या पाळीव पक्षी व प्राण्यांचे खाद्य म्हणून वाढवल्या जातात. त्या प्लॅस्टिक नष्ट करून पिकांना खतही देतील काय, हा त्यानंतर अभ्यासाचा विषय ठरला.

बीजिंगचे बेइहांग आणि अमेरिकेतील स्टॅनफर्ड या विद्यापीठांच्या प्रयोगात १०० अळ्यांनी दिवसाला ३४ ते ३९ मिलिग्रॅम थर्माकोल खाल्ले. त्यातील निम्म्याच्या आसपास कार्बनचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर झाले. जवळजवळ तेवढाच विष्ठेवाटे बाहेर पडला. प्रतिजैविक दिल्यावर अळ्यांची ही क्षमता लोप पावली. त्यावरून विघटनात आतड्यातील जिवाणूंचा वाटा निर्णायक असल्याचे स्पष्ट झाले. त्यांतून वेगळा केलेला जिवाणू ‘एक्झिग्वोबॅक्टेरियम’ प्रजातीचा होता. याच प्रजातीचे, पॉलिस्टायरीनचे विघटन करू शकणारे जिवाणू पुढे शिव नाडर विद्यापीठाच्या संशोधकांना ग्रेटर नोएडा परिसरातील पाणथळ जागेत आढळले.

कीटकांच्या विष्ठेत नत्र, स्फुरद व पालाश असते. तीत मिसळलेल्या कातीतील कायटिनमुळे रोपांची रोगप्रतिकारशक्तीही वाढू शकते. युरोपीय संघाने २०२१ मध्ये या विष्ठेची कायदेशीर व्याख्या करून, ती विक्रीपूर्वी ७० अंश सेल्सिअसला किमान एक तास तापवण्याचा नियम केला. मात्र तेथे पाळीव कीटकांना पशुखाद्याचे नियम लागू असून, खाद्यात वेष्टनाचे तुकडे मिसळण्यास मनाई आहे.

या सावधगिरीला कारण आहे. थर्माकोल सहज पेटू नये म्हणून त्यात मिसळले जाणारे एक विषारी रसायन अळ्यांच्या शरीरात साचत नाही, असे स्टॅनफर्डच्या नंतरच्या अभ्यासात आढळले. परंतु ते नाहीसेही होत नाही. ४८ तासांत विष्ठेत उतरते. अळी स्वच्छ राहते, विष्ठा दूषित होते. त्यामुळे कोंड्यावर वाढलेल्या अळ्यांची विष्ठा खत म्हणून उपयुक्त असली, तरी थर्माकोलवर पोसलेल्या अळ्यांची विष्ठा तपासणीविना शेतात टाकणे धोक्याचे ठरेल.

वेगाचीही मर्यादा आहे. वरील प्रमाणानुसार एक किलो थर्माकोल दिवसात संपवण्यास २५ ते ३० लाख अळ्या लागतील. म्हणूनच अळ्या पाळण्याऐवजी त्यांच्यातील जिवाणू व विकरे वेगळी करून वापरण्याच्या दिशेनेही संशोधन सुरू आहे. भारतात सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. वस्तूंच्या वेष्टनातील थर्माकोलच्या विल्हेवाटीचा प्रश्न मात्र कायम आहे.